दोनशे अठ्ठ्याऐंशी तास

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक स्थानक आहे. धानाच्या बांध्यांमधून गेलेल्या या मार्गावर दिवसरात्र गाड्यांची ये-जा चालू असते. मुंबईहून सुटलेली गाडी आमगाव मागे टाकून हावड्यास पोचते, तेव्हा तिने १,९०० कि.मी.हून अधिक अंतर तोडलेले असते. आता, मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा. कोणी एक मनुष्य मुंबईहून निघाला, हावड्यास गेला, आल्या वाटेने मुंबईस परतला आणि तेथेही न थांबता पुन्हा आमगावापर्यंत आला. हा सारा प्रवास सुमारे ४,९०० कि.मी. भरेल. आगगाडीत बसून करावयाचा म्हटला तरी तो कंटाळा आणील. परंतु एवढेच अंतर सायकलवरून, एकट्याने आणि बारा दिवसांच्या आत तोडावयाचे, अशी एक शर्यत जगात आहे. आणि आपल्या विदर्भातील एका डॉक्टरांनी ती पुरी केली आहे.

या शर्यतीचे नाव ‘रेस अक्रॉस अमेरिका’. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनारा गाठावयाचा, एवढाच तिचा अर्थ. तिचा प्रारंभ १९८२ साली झाला. त्या वर्षी अवघे चार सायकलस्वार निघाले होते. त्यांपैकी लॉन हॉल्डमन हा ९ दिवस, २० तास आणि २ मिनिटांत न्यूयॉर्कला पहिला पोचला. दुसरा आला जॉन हॉवर्ड. हा हॉवर्ड आदल्याच वर्षी, १९८१ साली, हवाई बेटांवरील एका निराळ्याच शर्यतीत पहिला आला होता. त्या शर्यतीची हकीकतही येथे सांगितली पाहिजे, कारण आपले डॉक्टर ज्या वाटेने या लांब पल्ल्याकडे आले, ती वाट तेथूनच जाते.

पोहणारा, सायकल चालविणारा आणि धावणारा, या तिघांत अधिक काटक कोण, असा एक वाद हवाई बेटांतील काही मंडळींत निघाला. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्यावर तोड काढली. तिन्ही गोष्टी एकामागून एक, एकाच दिवशी करावयाच्या! सुमारे ३.८ कि.मी. समुद्रात पोहावयाचे, पाण्याबाहेर येताच १८० कि.मी. सायकल चालवावयाची आणि ती ठेवून ४२.२ कि.मी. धावावयाचे. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा माणसे या दिव्याला सामोरी गेली आणि बारा जणांनी ते पुरे केले. या तिहेरी शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात आणि तिच्या या सर्वांत प्रसिद्ध लांब प्रकाराला ‘आयर्नमॅन’, म्हणजे पोलादी पुरुष, असे नाव पडले आहे. नाव पुरुषाचे असले, तरी स्त्रियाही ती शर्यत तेवढ्याच हिरिरीने करतात. आमगावच्या मुलांना तिची कल्पना यावी म्हणून सांगतो: धावण्याचे अंतर म्हणजे जवळजवळ आमगावहून गोंदियाला जाऊन परत येणे, आणि सायकलचे अंतर तर लोहमार्गाने नागपूरला जाण्याहूनही अधिक. पोहणे गावच्या बोडीतले नव्हे. लाटांच्या, खाऱ्या पाण्यातले. भारतात या नावाची पहिली शर्यत २०१९ सालच्या ऑक्टोबरात गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर भरली. तिची तिन्ही अंतरे मूळ शर्यतीच्या निम्मी होती.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ही तिहेरी शर्यत आधी केली होती. तीत यश मिळविणे लहान गोष्ट नव्हे; परंतु तिला एक दिलासा आहे. ती एका दिवसात संपते. पहाटे पाण्यात उतरलेला मनुष्य सतरा तासांच्या मुदतीत अखेरच्या रेषेपाशी पोचतो आणि मग त्याला झोपावयास मिळते. २०१७ सालच्या जून महिन्यात डॉ. समर्थ जेव्हा पॅसिफिक महासागराच्या काठी ओशनसाइड या गावी सायकल घेऊन उभे राहिले, तेव्हा हा दिलासा मागे राहिला होता. या शर्यतीत ते प्रथमच उतरत होते. त्या क्षणापर्यंत एकाही भारतीयाने ती एकट्याने, ठरल्या मुदतीत पुरी केलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, २०१५ साली, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती पार पाडली होती खरी. पण ती दोघांची जोडी म्हणून. एक सायकलवर असता दुसऱ्याला पाठ टेकता येत होती.

मुदत बारा दिवसांची, म्हणजे २८८ तासांची. घड्याळ एकदा सुरू झाले की ते थांबत नाही. जेवताना थांबत नाही, झोपेत थांबत नाही, चाकातली हवा गेली तरी थांबत नाही. तेव्हा थोडा हिशेब करून पाहू. ४,९०० कि.मी.ला २८८ तासांनी भागले, तर ताशी १७ कि.मी. येतात. शाळेत सायकलने येणारा एखादा चपळ मुलगा म्हणेल, “एवढेच ना? एवढ्या वेगाने तर मीही येतो.” तो येतो, यात शंका नाही, पण तो अर्ध्या तासात शाळेत पोचतो आणि बाकावर बसतो. स्पर्धकाने दिवसाकाठी झोप, जेवण, कपडे बदलणे, सायकलची दुरुस्ती या साऱ्यांसाठी मिळून अवघे पाच तास खर्च केले, तर उरलेल्या एकोणीस तासांत त्याला ताशी साडेएकवीस कि.मी.ची गती राखावी लागते. तीही सलग बारा दिवस, चढणीवर आणि वाऱ्यातही. मग एक तास अधिक झोप घ्यावी, तर एकवीस कि.मी. हातचे जातात, न घ्यावी, तर पुढची गतीच मंदावते. सारी शर्यत या एका पेचाभोवती फिरते, असे म्हटले तरी चालेल.

वाट तरी कशी? निघताना समुद्राची गार झुळूक अंगावर असते. पहिला डोंगर चढून पलीकडे उतरू लागले, की रस्ता एखाद्या पाळण्यासारखा भराभर खाली जातो आणि काही तासांतच सायकलस्वार वाळवंटात, समुद्रसपाटीहूनही खोल असलेल्या प्रदेशात येतो. जूनमध्ये तेथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला ऊन काही नवे नाही. पण आपण दुपारी सावलीत बसतो, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे अ‍ॅरिझोनाचे माळ, मॉन्युमेंट व्हॅलीतील तांबड्या खडकांचे प्रचंड सुळके आणि मग रॉकी पर्वत. तेथील वुल्फ क्रीक खिंड ३,३०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याच्या दुप्पट उंचीवर सायकल चढवावयाची! तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन तृतीयांशच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो आणि धाप लागते. खिंड उतरली की कॅन्ससची सपाटी. सपाटी म्हटल्यावर सुटल्यासारखे वाटेल. परंतु तेथे अडवावयास डोंगर नाही, झाड नाही, म्हणून वारा मोकाट सुटतो. सरळ रस्त्यावर, आडव्या वाऱ्याशी झगडत, दिवसभर तोच देखावा पाहात जावयाचे. अनेक अनुभवी स्पर्धक डोंगरापेक्षा या माळालाच अधिक भितात. शेवटी, शरीर अगदी थकलेले असताना, अ‍ॅपलाचियन डोंगरांतील आखूड पण उभ्या चढणी येतात. एकूण चढ पन्नास हजार मीटरांहून अधिक भरतो.

आता ‘एकट्याने’ या शब्दाविषयी. सायकल एकच मनुष्य चालवितो, हे खरे. परंतु त्याच्या मागून मोटारीतून साथीदारांची एक तुकडी येत असते. रस्ता दाखविणे, रात्री मागून मोटारीच्या दिव्यांचा उजेड धरणे, चाक बदलणे आणि वेळोवेळी खाणेपिणे हातात देणे ही त्यांची कामे. स्पर्धकाला रोज नेहमीच्या आहाराच्या तीन-चार पट अन्न लागते. एवढे जेवावयास वेळ नसतो, आणि थकलेले पोट ते घेतही नाही. म्हणून बरेचसे अन्न पातळ करून थोडे थोडे पाजावे लागते. पाण्याचेही असेच. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिले, तर रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि मनुष्य भोवंडून पडतो. साथीदार म्हणून चोवीस तास घोटाघोटांची नोंद ठेवतात. स्पर्धकाने किती प्यावे, केव्हा झोपावे, हे पुष्कळदा तेच ठरवितात. आणि माझ्या मते ही पद्धत मोठ्या शहाणपणाची आहे, कारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सायकलवरच्या माणसाच्या स्वतःच्या निर्णयावर भरवसा ठेवता येत नाही.

याचे कारण झोप. रात्रीला दोन-तीन तासांच्या झोपेवर मेंदू फार दिवस काम करीत नाही. नसलेल्या वस्तू दिसू लागतात. स्लोव्हेनिया देशाचा युरे रोबिच याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. असा हा वीर. पण तोसुद्धा अपरात्री एकाएकी सायकलवरून उतरे आणि समोर कोणी शत्रू उभा आहे असे समजून लढण्याच्या पवित्र्यात उभा राही. तो शत्रू म्हणजे रस्त्याकडेची टपालपेटी असे! हे ऐकून हसू येते. पण त्याच्या साथीदारांना त्या वेळी हसू आले असेल असे वाटत नाही. शरीराचीही तीच गत. वाकून बसलेल्या स्थितीत मान सतत वर उचलून धरावी लागते. काही दिवसांनी मानेचे स्नायू एकाएकी काम सोडून देतात आणि डोके छातीवर लोंबते. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाची अशी अवस्था झाली, तेव्हापासून या दुखण्याला ‘शर्मरची मान’ असेच म्हणतात. असे झाल्यावर काहींनी पाठीला दांडी बांधून, तिला दोरीने डोके टांगून पुढची वाट काढली आहे.

वाटेत पन्नासहून अधिक ठाणी असतात. प्रत्येक ठाण्यावर पोचल्याची वेळ कळवावी लागते. त्यामुळे दूर घरी बसलेल्या लोकांनाही आपला माणूस कोठवर आला, मुदतीच्या किती पुढे आहे किंवा मागे पडला आहे, हे समजत राहते. त्या वर्षी हिंदुस्थानातून पाहणाऱ्यांचे लक्ष दोघांवर होते. डॉ. समर्थ यांच्याबरोबर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हेही एकट्याने शर्यत करीत होते. ते आपल्या सैन्यातील डॉक्टर. दोघेही डॉक्टर असावेत, हा योगायोग असेल. पण शरीर कशाने चालते आणि कशाने थांबते, हे जाणणाऱ्याला येथे उपयोग होतो खास.

कॅलिफोर्नियापासून मेरिलंडपर्यंत बारा राज्ये ओलांडून ही वाट अ‍ॅटलांटिककडील अ‍ॅनापोलिस या नौदलाच्या शहरी संपत होती. बारावा दिवस उगवला, तेव्हाही आपले दोन्ही सायकलस्वार रस्त्यावरच होते. प्रथम गोकुळनाथ पोचले. त्यांना ११ दिवस, १८ तास आणि ४५ मिनिटे लागली होती. ही शर्यत एकट्याने मुदतीत पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. डॉ. समर्थ यांचे घड्याळ ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटांवर थांबले.

मुदत संपण्यास २ तास ४९ मिनिटे उरली होती. मघाचा हिशेब आठवा. पाच हजारांना थोड्याच कमी पडणाऱ्या किलोमीटरांच्या अखेरीस शिल्लक राहिली ती एवढीच. रोज पंधरा मिनिटे अधिक झोप घेतली असती, तर ही शिल्लक संपूर्ण खर्च झाली असती आणि एवढे अंतर तोडूनही मुदतीत पोचलेल्यांच्या यादीत नाव लागले नसते. आणि रोज पंधरा मिनिटे कमी घेतली असती, तर? त्याचे उत्तर मात्र हिशेबाने देता येत नाही.

अशा प्रवासानंतर कोणीही सायकल भिंतीला टेकवून ठेवील, असे आपल्याला वाटेल. परंतु पुढच्याच वर्षी, २०१८ सालच्या जुलै महिन्यात, डॉ. समर्थ रशियात मॉस्को येथे दुसऱ्या एका शर्यतीसाठी उभे होते. ही वाट सायबेरियातून पॅसिफिकच्या काठावरील व्लादिवोस्तोक शहरापर्यंत जाते. अंतर सुमारे ९,१०० कि.मी., टप्पे पंधरा, आणि त्यांतील सर्वांत लांब टप्पा तेराशे किलोमीटरांहून अधिक. म्हणजे मुंबईहून निघालेल्या गाडीने आमगाव गाठून, रायपूरही मागे टाकावे, एवढा तो एकच टप्पा. तीही शर्यत त्यांनी पुरी केली. २०२१ साली तर दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या महामार्गाची सुमारे ६,००० कि.मी.ची फेरी त्यांनी चौदा दिवसांच्या आत सायकलवरून केली.