उलटीची धास्ती आणि गॅस्ट्रोचे दिवस

जून सरत आला की दवाखान्यात उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढू लागतात. कुठे पाइपलाइन फुटून नळाला गढूळ पाणी येतं, कुठे समारंभातलं जेवण बाधतं आणि ‘त्यांच्याकडे सगळ्यांनाच गॅस्ट्रो झालाय’ ही बातमी सोसायटीभर पसरते. याच दिवसांत आणखी एक रुग्ण येतो. त्याला जुलाब नसतात, ताप नसतो आणि उलटीही झालेली नसते. ती होईल या धास्तीनेच त्याचं जेवण सुटलेलं असतं. आजचा सल्ला अशा वाचकांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

उलटी कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ही भीती ओळखूच येत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढं काय त्यात? झाली तर झाली.’ पण ज्याला ही भीती आहे तो माणूस लग्नाच्या पंगतीला बसत नाही, एसटीने घाट चढत नाही, आजारी नातेवाइकाला भेटायला जात नाही. सकाळी केलेली आमटी दुपारी पुन्हा पुन्हा हुंगतो आणि शेवटी ओतून देतो. काही बायका गरोदरपणातल्या उलट्यांच्या भीतीने मूल होऊ देणंच वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. श्रावणात उपवासाचं निमित्त मिळतं, मग न जेवण्याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही. या आजाराला वैद्यकशास्त्रात इमेटोफोबिया म्हणतात. तो बहुधा लहानपणीच सुरू होतो, स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि उपचारांनी आटोक्यात येतो. यात मनाच्या कमकुवतपणाचा काहीही संबंध नाही. कितीतरी धीट, कर्तबगार माणसं हे ओझं कुणालाही न सांगता वाहत असतात.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळते ती उलटी नसते, मळमळ असते. तिचं कारण समजून घ्या. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि जठराचं काम मंदावतं. अन्न नेहमीपेक्षा जास्त वेळ पोटात राहतं. श्वास उथळ होतो, नकळत हवा गिळली जाते, पोट फुगतं, ढेकर येतात. मन सगळं लक्ष पोटावर लावून बसलेलं असतं, त्यामुळे एरवी जाणवलीही नसती अशी हालचाल मोठी वाटते. म्हणजे भीतीमुळे येणारी मळमळ खरीच असते, ती कल्पनेतली नसते. पण तिचा शेवट उलटीत होणं फार क्वचित घडतं. ‘शेवटची उलटी कधी झाली होती?’ असं मी विचारते, तेव्हा अनेकांना दहा-पंधरा वर्षं मागे जावं लागतं. मधल्या काळात मळमळ मात्र जवळपास रोजची असते. तुम्हीही हा हिशेब स्वतःपुरता एकदा मांडून बघा.

त्यात उपाशी राहिलं की मळमळ आणखी वाढते. रिकाम्या पोटी आम्ल टोचतं, हातपाय गळतात, डोकं हलकं होतं आणि हे सगळं ‘आता होणारच’ याची खूण वाटू लागतं. म्हणून या दिवसांत जेवणाच्या वेळा चुकवू नका. भूक नसेल तर मऊ भात आणि मुगाचं वरण, पेज, इडली, केळं असं थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी खा. पोट ढवळत असतानाही चार घास खाता येतात, आणि ते घास पोटात टिकतात, हा अनुभव तुमच्या मनाला मिळायला हवा.

शरीर उलटी कशी करतं, हेही एकदा शांतपणे वाचा. वाचताना अस्वस्थ वाटेल, तरी परिच्छेद सोडू नका. आतड्यात विषाणू किंवा विष शिरलं की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस मज्जातंतूतून मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाकडे संदेश जातो. तोंडाला पाणी सुटतं, कारण ही लाळ दातांचं आम्लापासून रक्षण करते. मग श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात, आणि त्याच क्षणी श्वासनलिकेचं तोंड आपोआप मिटतं. ‘मी गुदमरून जाईन’ ही भीती असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाची वायुमार्गाची ही राखण शरीर स्वतःच करतं. जोराची उबळ काही सेकंदांची असते. बहुतेकांना त्यानंतर हलकं वाटतं.

आता काळजीबद्दल. या ऋतूत काळजी घेऊच नका, असं मी सांगणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूची चर्चा घराघरांत झाली. पाण्याबद्दल सावध राहणं हा शहाणपणाच आहे. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट पाणी उकळू द्या आणि झाकून ठेवा. बाहेरची चिरलेली फळं, उघड्यावरच्या चटण्या आणि पाणीपुरीचं पाणी पावसाळ्यात टाळा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करा. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी वीस सेकंद साबणाने हात धुवा. इथे सॅनिटायझरवर विसंबू नका. उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून काढून टाकतं. घरात लहान बाळ असेल तर रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती चुकवू नका.

एवढं केलं की काळजी पुरी झाली. यापुढे जे काही केलं जातं ते विषाणूला अडवत नाही, त्याने फक्त घडीभर बरं वाटतं. दिवसातून दहादा ‘मला काही होणार नाही ना?’ असं विचारणं, बाहेर पडण्याआधी उलटीची गोळी घेणं, ऑफिसात कोण रजेवर आहे याचा माग काढणं, सतत ताप मोजणं, हाताची त्वचा फुटेपर्यंत हात धुणं, घरच्या ताज्या जेवणावर संशय घेणं, साथीच्या बातम्या मोबाइलवर शोधत राहणं, हे सगळं त्यात येतं. अशा प्रत्येक कृतीनंतर उलटी झाली नाही की मन त्याचं श्रेय त्या कृतीला देतं. गोळी घेतली म्हणून वाचलो, विचारलं म्हणून वाचलो. मुळात धोका किती कमी होता हे मनाला कळायची संधीच मिळत नाही, आणि दर वर्षी पथ्यांची यादी वाढत जाते.

उलटीच्या गोळीबद्दल जरा वेगळं सांगते, कारण पर्समध्ये ऑनडॅनसेट्रॉनची पट्टी ठेवणारे पुष्कळ आहेत. उलट्या होत असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं तर हे औषध उत्तम काम करतं. भीतीवरचा उतारा म्हणून ते रोज घेतलं तर बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी होते; पोट साफ नसलं की पुन्हा मळमळतं. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. तुम्ही ते सवयीने घेत असाल तर कधीपासून आणि किती घेता हे डॉक्टरांना सांगा.

वर सांगितलेली ही पथ्यं एका दिवसात सुटत नाहीत. सगळ्यात सोपं असेल ते आधी निवडा. समजा, अन्न हुंगण्याची सवय सोडायची आहे. आठवडाभर ताटात आलेलं घरचं जेवण न हुंगता खायचं. पहिल्या दिवशी भीती वाढेल, तिला वाढू द्या. ती समुद्राच्या भरतीसारखी चढते आणि आपण काही केलं नाही तरी ओसरते. ओसरताना तुम्ही तिथे हजर असणं महत्त्वाचं आहे. एक सवय सुटली की दुसरी धरा.

आणि खरंच गॅस्ट्रो झाला तर? या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. नोरोव्हायरसची लक्षणं संसर्गानंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत सुरू होतात आणि बहुतेक माणसं एक ते तीन दिवसांत बरी होतात. उलटीची भीती असलेला माणूस पहिल्या उलटीनंतर पाण्याचा घोटही घ्यायला नकार देतो, आणि धोका तिथे सुरू होतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. एका वेळी चमचाभर, दर एक-दोन मिनिटांनी घेत राहा. उलटून पडलं तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पुन्हा सुरू करा. उलट्या चालू असतानाही त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ शरीरात शोषलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. इतक्या साध्या उपायाने हजारो जीव वाचले आहेत. उलटीनंतर लगेच दात घासू नका, आधी पाण्याने खळखळून चूळ भरा.

दिवसभर लघवी जवळजवळ न होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग, हिरवट उलटी, असह्य पोटदुखी, मान ताठणं, गुंगी किंवा बरळणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा. तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर आणखी लवकर.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या भीतीखाली दबलेल्या आयांची. मुलाला उलटी होते आणि आई दुसऱ्या खोलीत जाऊन कान झाकून बसते. नंतर तिला स्वतःची इतकी लाज वाटते की ती नवऱ्यालाही नीट सांगू शकत नाही. अशा आईला मी सांगते, तुझ्या मायेत काहीही उणं नाही, तुझ्या मेंदूतली धोक्याची घंटा फार लवकर वाजते एवढंच. बरं असतानाच घरच्यांशी बोलून कामं वाटून घ्या. साफसफाई सुरुवातीला दुसऱ्या कुणी करावी. तुम्ही दारात उभं राहून मुलाशी बोला. पुढच्या वेळी पाठीवर हात ठेवा. त्याच्या पुढच्या वेळी ओआरएसचा चमचा तुम्ही भरवा. साफ करताना हातमोजे घाला, आधी कागदाने पुसून घ्या, मग पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात वीस मिली मिसळून ती जागा ओली करा आणि दहा मिनिटांनी पुसा. हे द्रावण टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आजारी माणसाने बरं झाल्यानंतरही अठ्ठेचाळीस तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि मुलाला तेवढे दिवस शाळेत पाठवू नये.

घरच्यांना एक विनंती. ‘तुला काही होत नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण दहा मिनिटांनी ते पुन्हा मागितलं जातं. त्याऐवजी म्हणा, ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. मी इथेच आहे. आपण जेवायला बसू.’ चिडू नका, चेष्टा करू नका आणि मुद्दाम उलटीचे आवाज काढून ‘सवय लावण्याचा’ प्रयत्न तर मुळीच नको. मुलांच्या बाबतीत लक्ष ठेवा. डबा रोज तसाच परत येत असेल, सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखत असेल, वजन घटत असेल, तर रागावण्याआधी त्याला विचारा की वर्गात उलटी होईल अशी भीती वाटते का.

ही भीती बराच काळ असेल आणि आयुष्य आखडत चाललं असेल तर तज्ज्ञाची मदत घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ज्या पद्धतीने उपचार करतात तिला वर्तन-विचार उपचारपद्धती म्हणतात. त्यात भीतीला पायरीपायरीने सामोरं जायचं असतं. आधी ‘उलटी’, ‘ओकारी’ हे शब्द मोठ्याने उच्चारायचे, मग कार्टूनमधलं चित्र, मग आवाज, मग व्हिडिओ, पुढे बादलीत डाळ-पाणी ओतून तसं दृश्य तयार करायचं. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं आणि बचावाची पथ्यं वापरायची नाहीत. प्रत्यक्ष उलटी करायला लावणं हा या उपचाराचा भाग नाही. या शंकेपायी अनेकजण येतच नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते. काहींना जोडीला मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात. औषध सुरू करताना सुरुवातीचे काही दिवस थोडं मळमळू शकतं. हे आधीच सांगून, कमी मात्रेपासून सुरुवात करता येते. मळमळ नव्यानेच सुरू झाली असेल किंवा वजन उतरत असेल तर पोटाची तपासणी आधी करून घ्या.

जवळपास कुणी तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द फुटत नाहीत, असं अनेकांचं होतं. मग घरूनच एक कागद लिहून न्या: मला उलटीची भीती वाटते, ती अमुक वयापासून आहे, तिच्यामुळे मी या गोष्टी खात नाही, इथे जात नाही, या गोळ्या घेतो. कागद टेबलावर ठेवा. पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील.