बेकारीची नोंद आणि बेकारीचा भत्ता

निकाल लागला की माकुणसारमध्ये पूर्वी घरोघर एक प्रश्न हमखास विचारला जाई, "एम्प्लॉयमेंटला नाव घातलेस का?" कला शाखेची पदवी हातात पडल्यावर आम्ही चार मित्रही नाव घालायला निघालो. पालघर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. म्हणून ठाणे गाठावे लागे. सफाळ्याहून सकाळची शटल, विरारला गाडी बदलायची, दादरला उतरून मध्य रेल्वेने ठाणे. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, रेशनकार्ड सगळे छातीशी धरून रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी नोंदणी क्रमांकाचे कार्ड घेऊन परतायचे. आमच्या आईने ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. तिच्या लेखी अर्धी नोकरी लागली होती.

कार्डावर नूतनीकरणाची तारीख असे. आम्ही चौघांनीही ती विसरलो. चूक सर्वस्वी आमचीच. जुन्या तारखेची ज्येष्ठता गेली आणि पुन्हा शेवटून सुरुवात झाली. पण खरी चूक याहून मोठी होती. ते कार्ड म्हणजे नेमके काय, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

१९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर, आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर, रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घातले. त्या यादीतूनच माणूस घेतला पाहिजे असे बंधन मात्र घातले नाही. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कार्यालयाकडून नावे मागवावीतच, पण जाहिरातही द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा. म्हणजे कार्ड कपाटात ठेवून पोस्टमनची वाट पाहणाऱ्याची वाट तेव्हाच अरुंद झाली होती. आम्ही तर त्यानंतरही वाट पाहत बसलो!

आता पैशाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा आला. कामगार व मालक दोघे वर्गणी भरत. काम सुटले की कामगाराने श्रम कार्यालयात जाऊन सही करायची, म्हणजे तो दुसरीकडे कामावर नाही याचा पुरावा होई आणि भत्ता मिळे. १९२० च्या कायद्याने हा विमा बहुतेक कामगारांना लागू झाला. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. आपल्याकडे सेवायोजन कार्यालये सुरू झाली ती १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. नोंदीची खिडकी आली, पण तिच्यामागे विम्याची पेटी आली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. तो मात्र मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

तरीही आपल्या राज्याने एक पाऊल टाकले होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, अशी त्यात तरतूद होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही पंधरा दिवसांचीच मुदत ठेवली. भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा. (आमच्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच हमीसाठी १९७५ साली लागू झाला. कुरकुर करणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.) पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जावरच्या तारखेपासून. आपली माणसे सरपंचाला नाहीतर ग्रामसेवकाला वाटेत गाठून "काम द्या" म्हणतात. तोंडी मागणीला तारीख नसते.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी तिसरी गोष्ट अधिक जवळची आहे. राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, १ एप्रिल २००५ पासून कारखाना बंद पडलेल्या किंवा कपात झालेल्या विमाधारकांसाठी भत्ता आला. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आधी सरासरी दैनिक वेतनाच्या पंचवीस टक्के मिळत. २४ मार्च २०२० पासून ते पन्नास टक्के झाले, जास्तीत जास्त नव्वद दिवस. पंधरा हजार पगाराचा हिशेब मांडून पाहा: रोजचे ५०० रुपये, त्याचे निम्मे २५०, नव्वद दिवसांचे २२,५००. काम सुटल्यावर तीस दिवसांनी दावा करता येतो आणि त्यासाठी मालकाच्या दारात जावे लागत नाही. ही योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, तेव्हा ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी चौकशी करावी. गैरवर्तनासाठी काढून टाकलेल्याला ती लागू नाही. म्हणूनच ठेकेदाराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नये.

मागे आमच्या काउंटरवर बोईसरचा एक कामगार पासबुक भरून घ्यायला आला. कंपनी बंद होऊन पाच महिने झाले होते. पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसत होती, पण आपला विमा क्रमांक काय हे त्याला ठाऊक नव्हते. "साहेब, तो आजारपणासाठी असतो ना?" त्याने विचारले. आम्ही पगारपत्रक उलटून क्रमांक शोधून दिला. मग लक्षात आले की पासबुकात त्याचे नाव वडिलांच्या नावासह होते आणि पगारपत्रकावर नुसते नाव-आडनाव. ते जुळवून घेण्याचा अर्ज त्याने आमच्याच काउंटरवर लिहिला, खाली तारीख घातली आणि पोच मागून घेतली.