वरसाव्याहून तुंगारेश्वर

मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता जेथे मिळतात त्या वरसावे नाक्यावरून उत्तरेकडे निघाले, की वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे भरती-ओहोटीने हलणारे मुखाजवळचे पात्र, पुलावरून ओलांडावी लागते आणि पलीकडे तुंगारेश्वराच्या डोंगररांगेचा मुलूख सुरू होतो. ‘तुंग’ म्हणजे उंच. रांगेचा माथा सुमारे २,१७७ फुटांवर असला, तरी शंकराचे मंदिर त्याच्या बरेच खाली, ओढ्याकाठच्या दाट झाडीत आहे. त्यामुळे दर्शनासाठी शिखर चढण्याची गरज नाही, ही गोष्ट वयस्कर भाविकांना आधीच सांगितलेली बरी.

चिंचोटी मागे टाकून सातिवलीजवळच्या फाट्यावर पूर्वेला वळावे. रेल्वेने येणाऱ्यांना वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडून रिक्षाने फाटा गाठता येतो. तेथून मंदिरापर्यंतची तीन-चार किलोमीटरची वाट रुंद, पण कच्ची आणि चढाची असून, ती २००३ साली घोषित झालेल्या तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्यातून जाते. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या या जंगलाचे मोल केवळ त्याच्या क्षेत्रफळात नाही. खाडीच्या दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशी त्याचा नैसर्गिक दुवा आहे आणि बिबट्याचा वावर दोन्हीकडे आहे. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून सकाळी लवकर आत जावे, एकट्याने आडवाट धरू नये आणि अंधार पडण्याच्या पुष्कळ आधी महामार्गावर परतावे.

या वाटेवरचा खरा धोका मात्र पाण्याचा आहे. सह्याद्रीच्या या भागातला काळा कातळ, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट, पाणी फारसे मुरू देत नाही, त्यामुळे माथ्यावर जोराची सर आली की खाली ऊन असतानाही ओढा थोड्या वेळात फुगतो. वाट त्याला ठिकठिकाणी ओलांडत असल्याने सकाळी घोट्याइतके असलेले पाणी परतताना कमरेला लागू शकते. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत उंचावर थांबणे हाच उपाय असून, दोरीच्या किंवा एकमेकांच्या हातांच्या भरवशावर प्रवाहात उतरणे जिवावर बेतते. पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात प्रशासन वेळोवेळी बंदी घालते. निघण्यापूर्वी तिची चौकशी करणे अत्यावश्यक आहे.

श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी लोटते. जंगलाचा निवांतपणा हवा असलेल्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला साधा वार निवडावा. मंदिरापुढे हीच वाट परशुरामाच्या आख्यायिकेशी जोडलेल्या परशुराम कुंडाकडे चढते. तो टप्पा लांब आणि दमवणारा असल्याने प्रत्येकाने दोन लिटर पाणी सोबत घ्यावे, आणि दुपारच्या आत कुंड गाठणे शक्य दिसत नसेल तर मंदिरापासूनच मागे फिरावे. बेल-फुलांसोबत आणलेली प्लास्टिकची पिशवी ओढ्याकाठी न सोडता परत न्यावी, कारण हाच ओढा खाली प्राण्यांच्या पाणवठ्याला जातो.