आधी लाटणं की आधी वाडगा?

प्रश्न : निवृत्तीनंतर लाकूडकामाचा छोटा लेथ घेतला आहे. कुणी म्हणतं वाडगे करा, कुणी म्हणतं आधी लाटणी आणि रव्या करा. सुरुवात कशाने करू?

उत्तर : लाटण्याने करा. त्यात लाकडाच्या रेषा लेथच्या आसाला समांतर असतात, म्हणून धार सलग सोलत जाते. तिरकी पटाशी नीट बसली की कागदासारखी पातळ साल सुटते आणि पॉलिश पेपर जवळजवळ लागतच नाही. हात जरा चुकला, की मळसूत्रासारखी खोल रेघ उमटते. हाताला वळण लागतं ते इथेच.

वाडग्यात रेषा आडव्या असतात. प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा त्यांची टोकं येतात आणि तिथेच लाकूड फाटतं. तरीही अनेकांचा जीव वाडग्यातच रमतो, आणि ते मला पटतं. आंब्याच्या ओंडक्यातून काळ्या रेघा हळूहळू वर येताना पाहावं, त्यासारखं सुख नाही! लाकूड ओलं असेल तर 20 सेंटिमीटरच्या वाडग्याची भिंत 2 सेंटिमीटर ठेवा, काही महिने सावलीत वाळवा, मग पुन्हा कातून बारीक करा. घाई केलीत तर तडा जातो.

एक कळकळीची विनंती. लाटण्याचं लाकूड गोल करायची रुंद, खोलगट पटाशी वाडग्याला कधीही लावू नका. मुठीत शिरणारं तिचं टोक पातळ असतं. पटाशी अडकली की तिथूनच मोडते. वाडग्यासाठी जाड दांड्याची वेगळी पटाशी घ्या, आणि फेस शील्ड चढवल्याशिवाय लेथचं बटण दाबू नका.