इंग्रजींतील भविष्यकाळ : बेत, ठराव आणि वचन

भविष्यकाळाचा धडा आला कीं बहुतेक विद्यार्थी 'विल' हा एकच शब्द पाठ करून स्वस्थ बसतात. परंतु इंग्रजी क्रियापदास भविष्यकाळाचें स्वतंत्र रूपच नाहीं. 'जाईन' या आपल्या एका शब्दाचें काम ती भाषा निरनिराळ्या रचनांकडून करून घेते. यास्तव कोणती रचना कोठें योजावी, याचा विचार करूं.

प्रथम मराठीकडे पाहूं. 'मी नाशिकास जाईन', 'मी नाशिकास जाणार आहें' आणि 'मी उद्यां नाशिकास जातों' यांतील भेद लहान मूलही जाणतें. इंग्रजींतही असे भेद आहेत. मनांत बेत केला असेल, तर 'आय अ‍ॅम गोइंग टू व्हिजिट माय अंकल'. काकांस कळविलें, दिवसही ठरला, म्हणजे 'आय अ‍ॅम मीटिंग माय अंकल ऑन संडे'. गाडी वेळापत्रकानें बांधलेली, म्हणून 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स'. आणि बोलतां बोलतां निश्चय झाला किंवा वचन दिलें, तर 'आय विल कॅरी युअर बॅग'.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे. पत्र वाचणारा आपल्या शब्दांवरून आपला दिवस आंखतो. भेट ठरली असें लिहिल्यास काका घरीं थांबतील. नुसता विचार आहे असें लिहिल्यास ते आपल्या कामास जातील. कच्च्या बेतास पक्क्याचें रूप देणें म्हणजे दुसऱ्यास नकळत खोटी आशा लावणें होय.

एके ठिकाणीं मात्र मराठीची संवय आपणांस फसविते. 'तो येईल तेव्हां मी सांगेन' यांत दोन्ही क्रियापदें भविष्यकाळीं आहेत. इंग्रजींत 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असेंच म्हटलें पाहिजे. 'व्हेन ही विल कम' हें येथें अशुद्ध. 'इफ', 'अन्टिल', 'बिफोर' यांनीं आरंभ होणाऱ्या अशा वाक्यांसही हाच नियम लागतो.

'आय' व 'वुई' यांस 'शॅल' आणि इतरांस 'विल' हा नियम अनेक पालकांनीं घोकला असेल. जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या इंग्रजी व्याकरणांत तो सांगितला आहे. आतां 'विल' सर्वांबरोबर चालतें. 'शॅल वुई गो?' अशा विचारण्यांत 'शॅल' टिकून आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, लेखणी उचलण्यापूर्वीं स्वतःस एवढेंच विचारा : हें मीं योजिलें आहे, ठरविलें आहे, कीं आतां वचन देत आहें? उत्तर मिळालें कीं क्रियापदाचें योग्य रूप सांपडण्यास वेळ लागणार नाहीं.