कोठारातले उंदीर आणि रायफलची दुर्बीण



फायरिंगच्या तासाला दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो: "उस्ताद, एअर रायफलवर दुर्बीण का नाही लावायची?" शाळेपुरते उत्तर सोपे आहे. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नाही. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते दुर्बिणीशिवाय, आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचे २०२४ चे पॅरिसमधले कांस्यपदकही तसेच. पण तुमच्यापैकी बरेच जण शेतकऱ्यांची मुले. घरी धान्याच्या कोठारात उंदीर-घुशी असतात, आणि तिथे दुर्बीण उपयोगी पडते. ती कशी निवडावी हे मी स्वतः चूक करून शिकलो, तेच सांगतो.

मी चंडीमंदिरला असताना पंचकुल्याच्या बरवाला बाजूचा एक शेतकरी ओळखीचा झाला होता. गव्हाच्या पोत्यांना उंदरांनी भोके पाडली होती. मांजर होते, पण ते दूध पिऊन झोपायचे. मी एअर रायफल नेतो म्हणालो आणि त्यासाठी ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची, अशी भली थोरली दुर्बीण विकत घेतली. दिसायला मोठी झोकदार होती.

संध्याकाळी पोत्यांपाशी १० मीटरवर उंदीर आला. दुर्बीण ९ पटीवर ठेवलेली. चित्र धूसर, वर माझ्या हाताचा प्रत्येक थरकाप नऊपट मोठा. फुली डोक्यावर धरून घोडा दाबला. छर्रा मागच्या पायांत बसला. उंदीर फरफटत पोत्यांच्या थप्पीमागे गेला आणि आम्हाला काही सापडला नाही. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा थप्पी उपसली. शेतकऱ्याची म्हातारी आई एवढेच म्हणाली, "मारायचा तर नीट मारायचा." मला मान वर करवेना.

चूक कुठे झाली? मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी कारखान्यातून साधारण १०० यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी जुळवलेल्या असतात. त्याहून फार जवळच्या वस्तूचे चित्र फुलीच्या पातळीवर पडत नाही. डोळा काचेच्या मध्यावरून जरा सरकला की फुली लक्ष्यावरून घसरते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. ५० मिलिमीटरच्या काचेत, १० मीटरवर, डोळा अगदी कडेला गेला तर ही घसरण २ सेंटिमीटरच्या पुढे जाते. उंदराचे डोके तेवढेच असते. घरी करून पाहा: रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, लक्ष्य धरा आणि हात न लावता फक्त डोके डावी-उजवीकडे हलवा. फुली लक्ष्यावरून चालू लागली तर ती दुर्बीण त्या अंतराच्या कामाची नाही. एअर रायफलसाठी पुढची काच फिरवून ९-१० मीटरपर्यंत जुळवता येते अशी दुर्बीण घ्यावी, किंवा मुळातच जवळच्या अंतराला बांधलेली.

दुसरे म्हणजे पट. ड्रॅगुनोव्ह ही आपल्या फौजेची जुनी स्नायपर रायफल; तिची नेहमीची दुर्बीण अवघी ४ पटीची आहे. मग १५ मीटरवरच्या उंदराला ९ कशाला? पट वाढला की दिसणारे क्षेत्र आक्रसते आणि उजेड कमी होतो. पुढच्या काचेच्या व्यासाला पटाने भागा. येईल तेवढा जाड प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ४×३२ मध्ये तो ८ मिलिमीटर, ९×५० मध्ये साडेपाच. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते. उंदीर निघतात तिन्हीसांजेला, तेव्हा हा फरक कळतो. फुलीसुद्धा बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक असावी. केसासारखी रेघ काळोख्या कोठारात हरवते.

माझी ती दुर्बीण पुढे महिनाभरही टिकली नाही. साधी रायफल मागे धक्का देते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दट्ट्या पुढे झेपावताना रायफल आधी मागे येते, आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी थांबताच पुढे हिसका बसतो. फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या दुर्बिणीच्या आतल्या काचा त्याने ढिल्या होतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा: स्प्रिंगच्या एअर रायफलला चालेल का? 'बघून घ्या' म्हणाला तर बाहेर पडा. माउंट ११ मिलिमीटरच्या खाचेला बसणारे, एकसंध, आणि मागे सरकू न देणारी पिन असलेले हवे.

शेवटी ४×३२ घेतली. २५ मीटरवर झिरो केली. पाव मिनिटाची एक क्लिक म्हणजे २५ मीटरवर साधारण १.८ मिलिमीटर, ग्रुप ३६ मिलिमीटर खाली असेल तर २० क्लिक वर. तरी एक गंमत राहते. दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर बसते, त्यामुळे ५ मीटरवर छर्रा जवळपास २ सेंटिमीटर खाली लागतो. जवळचा उंदीर चुकतो तो यामुळे. माझ्या दस्त्यावर मी ५, १०, २५ मीटरचे आकडे चिकटपट्टीवर लिहून लावले होते.

आणि कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. त्याच शेतकऱ्याने पेरूवरचे पोपट दाखवले तेव्हा मी नाही म्हणालो. ससा, तितर, पोपट यांना संरक्षण आहे. रोही किंवा रानडुकराने पीक खाल्ले तर तक्रार वनखात्याकडे करायची. २० जूलांहून जोरकस एअर रायफलला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाही लागतो. पिंजोरजवळ बीर शिकारगाह नावाचे रान आहे. नाव शिकारीचे, पण आज ते अभयारण्य आहे आणि त्याच्या कडेला गिधाडांचे प्रजनन केंद्र चालते.

उंदरावरही घरातले मोठे माणूस सोबत असेल तरच, आणि मागे पोती किंवा मातीचा ढीग असेल तरच. फरशी किंवा पत्रा मागे असला तर छर्रा उलटून येतो. त्या कोठारात मी पुढे ११ उंदीर मारले. एकही थप्पीमागे गेला नाही.