चेनसॉ घ्यायचं ठरलंय? आधी फांदी मोजा



फवारणीचा पंप झाला, शिलाई मशीन झालं, आता बऱ्याच गटांच्या बैठकीत चेनसॉचा विषय निघतोय. दुकानात त्याला कुणी ‘वूड कटर’ म्हणतं, कुणी नुसतं ‘कटर’. निफाड-दिंडोरीकडे जुन्या द्राक्षबागा काढायच्या असतात, पेठ-सुरगाण्याकडे वाडीतले आंबे फार उंच वाढलेले असतात, बांधावरची सुबाभूळ आणि बाभूळ तर सगळीकडेच. शिवाय सरपण फोडायचं काम बाईच्याच वाट्याला. तेव्हा मशीन हवंसं वाटणं चूक नाही. पण गटाचे पैसे कष्टाचे असतात आणि हे अवजार बोटं घेणारं आहे. म्हणून पैसे भरण्याआधी हा पाठ एकदा बैठकीत मोठ्याने वाचा.

सुरुवात दुकानातून करायची नाही, शेतातून करायची. शिवणकामाची टेप घ्या आणि वर्षभरात जी लाकडं कापायची आहेत त्यातली वीसेक मोजा. टेपने घेर मिळतो, त्याला ढोबळमानाने ३ ने भागलं की जाडी मिळते. घेर ९ इंच म्हणजे जाडी साधारण ३ इंच. किती फांद्या इंचाच्या आत, किती ३ इंचांपर्यंत, किती त्याहून जाड, हे वहीत लिहा. मशीन कोणतं घ्यायचं ते हे तीन आकडेच सांगतात, दुकानदाराला विचारायची गरज राहत नाही.

द्राक्षाचंच बघा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्हींत काड्या कापायच्या असतात. तिथे कात्रीच चालते, चेनसॉचं काही काम नाही. चेनसॉ लागतो तो बाग काढताना. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या एका एकरात साधारण ९७० वेली बसतात, म्हणजे तेवढी खोडं. ती बहुतेक मनगटाएवढी, फार तर दंडाएवढी. त्यासाठी मोठं मशीन कशाला? एक मात्र लक्षात ठेवा, वेलीच्या ओलांड्यात तार रुतलेली असते. साखळी तारेला लागली की दात गेले, आणि तुटलेला तुकडा अंगावरही येऊ शकतो. आधी तारा सोडवायच्या, मगच मशीन सुरू करायचं. खोड जमिनीपासून वीतभर वरच कापायचं, कारण साखळी मातीला टेकली की क्षणात बोथट होते.

मोजणी झाली की बऱ्याच गटांना कळतं की आपलं निम्मं काम घडीच्या करवतीचं आहे. ही करवत ओढताना कापते, चाकूसारखी मिटते आणि ३ इंचांपर्यंतच्या ओल्या फांदीला पुरते. पेट्रोल नको, चार्जिंग नको, आवाज नाही. तुमच्या यादीत जाड लाकूड दहा-पंधराच असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पाच घरांत पाच चांगल्या करवती घ्या आणि जाड कामाला वर्षातून दोन दिवस मशीन भाड्याने आणा.

त्याच्या वरची पायरी बॅटरीचा छोटा चेनसॉ, ४, ६ किंवा ८ इंची बारचा. बार म्हणजे साखळी ज्या पोलादी पट्टीवर फिरते ती. लहान मशीनचं वजन एक-दीड किलोच्या आसपास, म्हणून बायकांच्या हाताला ते बरं पडतं. ६ इंची बार असला तरी काम ४ इंचांपर्यंतचंच धरा, कारण पूर्ण बार लाकडात घुसला की मोटर अडते. खोक्यावर ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असे मोठे आकडे छापलेले असतात, त्यांवर जाऊ नका. बॅटरीवरच काय लिहिलंय ते वाचा, ती बहुतेक वेळा २१ व्होल्टची निघते. दुसरी बॅटरी सोबत मिळते का आणि पुढच्या वर्षी सुटी मिळेल का, हे विचारा. वस्तीवर दिवसा लाइट नसेल तर रात्री दोन्ही चार्ज करून ठेवाव्या लागतील. वायरवर चालणारा चेनसॉही मिळतो, पण शेतात लांब वायर, ठिबकचं पाणी आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेज बघता त्याचा विचार सोडून द्या.

खरंच ५-१० इंची लाकूड नेहमी कापायचं असेल तरच पेट्रोलचं मशीन. इथेच फसगत जास्त होते.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते ५८ सीसी इंजिन आणि २२ इंची बारचं मशीन. स्वस्त असतं आणि दिसायला जोरदार. ‘ताई, याच पैशात डबल पावर’ असं दुकानदार म्हणतो. पण ती पॉवर तुम्हाला हातात धरून उभं राहायचंय. चेनसॉच्या कागदावर छापलेलं वजन बहुतेक वेळा बार, साखळी, पेट्रोल आणि तेल सोडून असतं. ३० ते ३२ सीसीच्या चांगल्या मशीनचं असं वजन सुमारे ४ किलो, तर सगळं भरून ते ५ किलोच्या पुढे जातं. ५८ सीसीचं भरलेलं मशीन ७ किलोच्या वर सहज जातं आणि लांब बारमुळे त्याचा तोल पुढे झुकतो. घरी करून बघा: ५ किलो तांदळाची पिशवी दोन्ही हातांत, पोटापुढे धरून दहा मिनिटं वाकून-उठून फिरा. मग त्यात २ किलो घाला. हात थरथरायला लागले की त्या क्षणी साखळी कुठे जाईल याचा विचार करा. हलकं मशीन म्हणजे नुसता आराम नव्हे, सुरक्षितताही तीच.

(एक गंमत सांगते. जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांच्या कारखान्याने १९२९ मध्ये पेट्रोलचा चेनसॉ काढला तेव्हा त्याचं वजन ४६ किलो होतं आणि तो धरायला दोन माणसं लागत. १९५९ पर्यंत ते १२ किलोवर आलं. इतक्या वर्षांनी वजन उतरलंय, तर आपण ते परत का वाढवून घ्यायचं?)

आपल्या कामाला २५ ते ३५ सीसी आणि १२ किंवा १४ इंची बार पुरतो. १४ इंची बारने १० इंची ओंडका एका बाजूने आरामात कापता येतो. बार जेवढा लांब तेवढं वजन जास्त आणि टोकाने झटका बसायची भीतीही जास्त.

दुकानात गेल्यावर जी बाई मशीन चालवणार आहे तिलाच पुढे करा, अध्यक्ष-सचिवांनी बिलापुरतं पुढे व्हावं. तिने मशीन भरून हातात धरावं, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीच्या खालून पूर्ण वळतो का ते बघावं. मग जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत उजव्या पायाचा चवडा अडकवून, स्वतः दोरी ओढून सुरू करावं. थंड मशीन चार-पाच ओढ्यांत सुरू झालं पाहिजे. चेन ब्रेक पुढे ढकलला की साखळी जागेवर थांबते का, हे चालू मशीनवर दाखवायला सांगा. दाखवत नसेल त्या दुकानातून उठा. आणखी एक युक्ती: स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर, कार्बोरेटरचा डायफ्राम आणि साखळीचं चाक, हे चार सुटे भाग आत्ता दुकानात आहेत का ते विचारा. ‘मागवून देऊ’ म्हणाला तर हंगामात मशीन बसून राहणार हे धरून चाला. पिंपळगाव, दिंडोरी किंवा सटाण्याला दुरुस्ती होते की दर वेळी नाशिक गाठावं लागेल, तेही बघा. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे.

बारवर साखळीचं माप कोरलेलं असतं: पिच, जाडी आणि कड्यांची संख्या. त्याचा फोटो काढून गटाच्या मोबाइलवर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चुकीची साखळी येणार नाही. लहान मशीनला बहुधा ३/८ लो-प्रोफाइल साखळी असते आणि तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. कापताना ढलपे पडत असतील तर साखळी धारदार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबून कानस मारायची. जोर लावून कापू नये, अपघात तिथेच होतात.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दुकानातले भाव घालून नवे मांडा. समजा मशीन १२,००० रुपये. दोन जादा साखळ्या, कानस, टू-स्ट्रोक ऑइल आणि साखळीचं तेल मिळून २,०००. जाळीचं हेल्मेट, कानाचं कव्हर, हातमोजे, जाड बूट मिळून ३,०००. म्हणजे १२ हजारांचं मशीन प्रत्यक्षात १७ हजारांचं झालं. वर्षाला ३० दिवस काम मिळालं, पेट्रोल-तेल घेणाऱ्याचं आणि गटाला दिवसाला ३०० रुपये भाडं, तर ९,००० येतात. त्यातून दुरुस्तीला २,००० बाजूला काढले तर ७,००० उरले, म्हणजे पैसे सुटायला अडीच वर्षं. काम दहाच दिवसांचं असेल तर दुरुस्ती जाऊन हजारच उरतो, मग अंतर्गत कर्जाचं व्याज कशातून भरणार? सुरक्षेचे ३,००० कापून हिशेब बसवायचा नाही. ते बसत नसतील तर मशीनच बसत नाही.

अनुदानाचं विचारून घ्या. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. या वर्षीच्या यादीत चेनसॉ आहे का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आणि महाडीबीटीवर बघा. महत्त्वाचं म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल चालत नाही.

कायद्याचं तर आधीच बघायला हवं, कारण मशीन जप्त झालं तर हप्ता काही थांबत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ प्रमाणे साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, बिजा, हळदू, तिवस, अंजन, किंजळ ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि सुबाभूळ त्या यादीत नाहीत. वाडीतल्या आंब्याची नुसती छाटणी करायची असली तरी खोडाला किंवा मोठ्या फांदीला हात लावण्याआधी वनरक्षकाला विचारून ठेवा. जंगलात तर चेनसॉ न्यायचाच नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतही हक्क गौण वनोपजावर आहे, इमारती लाकडावर नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये लाकडासोबत अवजारं आणि वाहनही जप्त करायची तरतूद आहे. भाड्याने देताना कोणत्या गटातलं, कोणतं झाड, हे वहीत लिहून घेणाऱ्याची सही घ्या. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

साडी नेसून मशीन चालवायचं नाही. कुणाला राग येईल, पण इथे तडजोड नको. पदर, ओढणी, लोंबतं मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, सुटे केस, सगळं साखळीत ओढलं जाऊ शकतं. घरातली जुनी जाड पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, केस बांधून हेल्मेटमध्ये. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून चेहऱ्याकडे येतं, म्हणून टोकाने कधीच कापायचं नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून तर नाहीच. उंच फांदीला काठीची करवत वापरा किंवा जाणता माणूस बोलवा. एकटीने काम करू नये, दुसरीने दोन-तीन काठ्या अंतरावर उभं राहावं. थरथरीने बोटं बधिर व्हायला लागली की काम बंद. गरोदर बाईने चालवू नये.

डाळिंबाच्या गटांसाठी दोन ओळी. तेल्या असलेल्या बागेतून मशीन थेट दुसऱ्या बागेत नेऊ नका. बार-साखळी काढून, घासून, निर्जंतुक करूनच न्या आणि मोठ्या कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा.

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि. अंदाजाने ओतू नका, औषधाचं मापपात्र वेगळं ठेवून तेच वापरा. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं आणि त्याला वॉरंटी लागत नाही. साखळीच्या टाकीत ट्रॅक्टरचं काळं जळकं तेल घालायची पद्धत आहे, ती मोडा. त्यातल्या कचऱ्याने तेलाचा पंप तुंबतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, म्हणून मिश्रण आठवड्याला पुरेल तेवढंच करा. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग साखळी काढून तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळा आणि मशीन मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा, कव्हर घालून. किल्ली-कानस त्याच पिशवीत, आणि वहीसुद्धा.